न उघडलेली सात गाठोडी

फार जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हाची वर्षं मोजायला कोणी बसलंच नव्हतं, दोन नद्यांच्या संगमावर एक राज्य होतं. होड्यांतून आणि घाटवाटांनी तिथे नाना भाषांची माणसं येत. येताना मीठ आणत, मिरी आणत आणि ग्रंथही आणत. राजाला ग्रंथांचं भारी वेड. त्याने एक मोठं ग्रंथघर बांधलं होतं आणि तिथे कोणीही यावं, हवं ते वाचावं, अशी मोकळीक दिली होती.

त्या राज्यात एक छान रीत होती. कोणी नवा ग्रंथ लिहिला की त्याच्या शेवटी एक आधारपान असे. हा ग्रंथ लिहिताना मी कोणाकोणाचं वाचलं, कोणाकडून काय शिकलो, त्या सगळ्यांची नावं या पानावर येत. आणि प्रत्येक नाव ज्याच्या त्याच्या लिपीत. मूळ ग्रंथ कोणाला पाहायचा असला, तर त्याने ते नाव बघावं आणि ग्रंथघरातून तसंच नाव असलेला ग्रंथ काढून घ्यावा, इतकं ते सोपं होतं.

ग्रंथ छापण्याचं काम एका ठसेकाराकडे होतं. त्याच्याकडे लाकडी ठशांची एक पेटी होती. एकेका खणात एकेक अक्षर. ठसे ओळीने लावायचे, शाई फासायची आणि वर कागद दाबायचा. ठसेकाराच्या हाताला तोड नव्हती. ही पेटी त्याला त्याच्या गुरूने दिली होती, म्हणून तो तिला जिवापाड जपे. रोज पुसून ठेवी, दर अमावास्येला तेल लावी.

"या पेटीत नाही असं अक्षर जगात नाही," असं तो ऐटीत सांगे.

पण जग कुठे थांबतं? नवी माणसं आली, त्यांच्या नव्या लिप्या आल्या. पेटीत नसलेलं अक्षर समोर आलं की ठसेकार त्या जागी एक रिकामी चौकट उठवी. "चौकट ठेवली म्हणजे मान ठेवलाच की," असं वर म्हणे. लोक बिचारे काय बोलणार? चौकट मोठी सुबक असे.

आता गंमत ऐका. ठसेकाराच्या गुरूचं गाव चार डोंगर पलीकडे होतं. तिथून दरवर्षी दसऱ्याच्या आधी लमाणांच्या तांड्याबरोबर लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं येई. ठसेकार ते दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी आणि फडताळावर ठेवून देई. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा गाठोड्यालाही हळदकुंकू वाही, झेंडूचं फूल वाही. गुरूकडून आलेली वस्तू, ती उघडून विस्कटायची कशी! अशी सात वर्षांची सात गाठोडी फडताळावर ओळीने बसली होती. तुम्ही हसाल. खुशाल हसा, आणि मग आपल्या घरातलं फडताळही एकदा बघून या.

एके वर्षी दसऱ्याला चार दिवस उरले असताना एक वैदीण ठसेकाराकडे आली. लहान मुलांच्या तापावर तिने एक ग्रंथ लिहिला होता आणि दसऱ्याला राजासमोर त्याचं वाचन व्हायचं होतं.

"काका, आधारपानावरचं हे पहिलं नाव माझ्या गुरुमायचं," ती म्हणाली. "मी जे काही शिकले ते तिच्याकडून. ती डोंगरातली. ऐंशी वर्षांची आहे, तरी वाचनाला पायी येणार आहे. पुन्हा काही तिच्याच्याने येणं व्हायचं नाही. तिचं नाव तिच्या लिपीत उठेल, असा मी तिला शब्द दिलाय."

ठसेकाराने हस्तलिखित डोळ्यांजवळ धरलं आणि मान हलवली.

"ही अक्षरं माझ्या पेटीत नाहीत. इथे पाच चौकटी येतील."

"माझी गुरुमाय म्हणजे पाच चौकटी?"

"मग आपल्या लिपीत उठवतो. हाय काय न् नाय काय!"

"आपली लिपी तिला वाचता येत नाही काका. एवढे डोंगर चढून यायचं, आणि स्वतःचं नाव दुसऱ्याने वाचून दाखवायचं?" वैदीण उठून उभी राहिली. "मी तुमच्यावर रागावत नाही. पण तिचं नाव येणार नसेल, तर ग्रंथच छापू नका."

हस्तलिखित तिथेच ठेवून ती निघून गेली.

ठसेकार मनाने वाईट नव्हता. त्याने दुपारचं ताट तसंच बाजूला सारलं. तो पेटीसमोर नुसता बसून राहिला. फडताळामागे एक उंदीर राहत होता, पूजेचे बत्तासे खाऊन चांगला गुबगुबीत झालेला. त्याने डोकं बाहेर काढलं.

"काका, तोंड पाडून का बसलात?"

"तुला अक्षरांतलं काय कळणार?"

"अक्षरांतलं नाही कळत, पण लाकडातलं कळतं. या गाठोड्यांत लाकूड आहे. बारीक कोरलेलं. दाताला टोचतं."

"गुरूच्या वस्तूला तोंड लावलंस?" ठसेकार कडाडला.

"मी तोंड तरी लावलं," उंदीर म्हणाला. "तुम्ही तर सात वर्षांत फडक्याची गाठही सोडली नाहीत."

 ठसेकाराने उठून सगळ्यांत जुनं गाठोडं खाली घेतलं. आत नवे कोरे ठसे होते आणि गुरूच्या हातची चिठ्ठी होती.

"बाळा, तुला दिलेल्या पेटीत माझी एक चूक राहून गेली. तिसऱ्या खणातल्या ठशाची एक कड उंच आहे. सोबत दुसरा ठसा पाठवतो, तो लाव. डोंगरातल्या लोकांची लिपी मी आता शिकायला घेतली आहे. पहिली दहा अक्षरं पाठवतो. त्यांचं एक पान उठवून मला पाठव, म्हणजे पुढचं कोरायला हुरूप येईल."

ठसेकाराने तिसऱ्या खणातला ठसा उजेडात धरला. कड खरंच उंच होती. रोज तेल लावणाऱ्या हाताला ती कधी जाणवली नव्हती.

दुसऱ्या गाठोड्यात आणखी अक्षरं होती आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुझं पान आलं नाही. कामात असशील." तिसऱ्यात आणि चौथ्यात तसंच. पाचव्यात अक्षर थरथरलेलं होतं. "डोळे अधू झालेत. पण तू पान पाठव, मी बोटांनी चाचपून पाहीन." सहाव्यातली चिठ्ठी दुसऱ्याच कोणाच्या हातची होती. "गुरुजी गेल्या माघात गेले. शेवटपर्यंत तुमच्या पानाची वाट पाहत होते. त्यांचं काम आम्ही पुढे चालवतो आहोत."

म्हणजे गुरू गेल्याची बातमी फडताळावर होती आणि ठसेकार तिच्यावर झेंडूची फुलं वाहत होता. तो लहान मुलासारखा रडला. उंदीर आपला अर्धा बत्तासा त्याच्यापुढे सरकवून बिळात गेला.

संध्याकाळी ठसेकार डोळे पुसून कामाला बसला. काम काही सोपं नव्हतं. दुसऱ्या वर्षीचे ठसे पहिल्या वर्षीच्या खणांत बसवायचे होते, तिसऱ्या वर्षी त्यांतले दोन बदललेले होते आणि सातव्या वर्षीची मांडणी आधीच्या सहा कळल्याशिवाय कळत नव्हती. दरवर्षी एका दुपारी झालं असतं, ते आता तीन दिवसांत उरकायचं होतं. दोनदा सगळी पेटी पालथी घालून पुन्हा लावावी लागली. तोवर नवमी उजाडली.

त्याने हत्यारांची पूजा केली, नमस्कार केला आणि लगेच ठसे हातात घेतले.

"अहो, आज हत्यारांना हात लावायचा नसतो!" शेजारी दारातून ओरडला.

"या ठशांना सात वर्षं नाहीच लावला," ठसेकार म्हणाला. "आज गुरुजी रागावायचे नाहीत."

दसऱ्याला गुरुमाय काठी टेकत आली. वाचन झालं. वैदिणीने आधारपान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीने पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत ते मोठ्याने वाचलं. मग बोळकं पसरून हसली.

"अगं, हे तर माझंच नाव! मला स्वतःला इतकं देखणं कधी लिहिता आलं नाही."

वैदिणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. राजानेही उपरण्याने डोळे टिपले. म्हातारीने मात्र हौसेने शेजारचा एक जुना ग्रंथ ओढला आणि त्याचंही शेवटचं पान उघडलं. तिथे चौकटीच चौकटी होत्या. तिने ठसेकाराला विचारलं, "बाळ, या रिकाम्या घरांत कोण राहतं रे?"

ठसेकाराची मान खाली गेली. "माणसं राहतात, माय. मीच त्यांना इतकी वर्षं दाराबाहेर उभं ठेवलंय."

दुसऱ्या दिवसापासून तो ग्रंथघरातला एकेक जुना ग्रंथ खाली काढू लागला. मूळ हस्तलिखित शेजारी ठेवायचं, चौकटीवर कागदाची पट्टी डकवायची आणि तिच्यावर खरं नाव उठवायचं. त्याला अकरा वर्षं लागली, पण तो कधी कुरकुरला नाही. वर्षाचं गाठोडं आलं की लमाणाला पाणी देतानाच तो त्याची गाठ सोडी, नवे ठसे लावून बघी आणि उठवलेलं पान त्याच तांड्याबरोबर परत पाठवी. पहिलं पान गुरूच्या गावी पोहोचलं, तेव्हा तिथल्या लोकांनी ते गुरूच्या रिकाम्या आसनावर ठेवलं. खंडेनवमीची पूजा पुढेही होत राहिली, आणि बत्तासे उंदरालाच मिळत राहिले.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, रोजच्या कामाचं हत्यार वेळच्या वेळी नवं करत राहणं, हीच त्याची खरी पूजा.