मोनोचं बटण

“मग हे बटण दाबायचं तरी कशाला, चाचा?”

धैर्यशीलनं हे विचारलं तेव्हा मी समोरच्याच गादीवर बसलो होतो. आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता त्या दिवशी मी इचलकरंजीला साडूच्या नातवाच्या बारशाला होतो, ही गोष्ट वेगळी.

तर तासगावात, घराच्या वरच्या खोलीत, धैर्यशील कणसेनं स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गाद्या, दाराला गोधडी, टेबलावर कॉम्प्युटर नि दोन स्पीकर. आणि गेल्या दोन दिवसांत सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलेली नवी वस्तू : मॉनिटर कंट्रोलर. कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्या मधे बसणारी पेटी. वर आवाजाची मुठीएवढी खुंटी, खाली चार बटणं.

दस्तगीरचाचा मुजावर ती पेटी लावून द्यायला आले होते. चाळीस वर्षं उरुसात नि तमाशात कर्णे बांधलेला माणूस. धैर्यशील वायर सोलायला शिकला तो त्यांच्याचकडं.

आता तो त्यांना शिकवत होता.

“केबल मी स्वतः जोडल्यात, चाचा. बाजारचा माल नाही. आवाज कसा पसरतो बघा! भिंतीच्या पलीकडनं आल्यागत वाटतो.”

“हं...”

“सांजच्याला गाणं पाठवायचंय. बेंदराचं गाणं, बैलांच्या सणाचं. पुण्याची कंपनी घेणार म्हणजे घेणारच.”

चाचांनी खुंटी शून्यावर आणली. मग स्पीकर चालू केले. कॉम्प्युटरवरनं नुसती खरखर लावायला सांगितली, एकदा डाव्या स्पीकरसमोर कान नेला, एकदा उजव्या. स्पीकरमागची बटणं फिरवून दोन्ही सारखे केले. खुंटी हळूहळू चढवत एका जागी थांबवली.

“कुंदा, नखाचा रंग आण गं.”

कुंदा म्हणजे धैर्यशीलची बायको. तिनं बाटली आणून दिली. चाचांनी खुंटीपाशी लाल ठिपका दिला.

“मिक्स करताना हात इथंच. वर न्यायचा मोह झाला तर खाली जाऊन पाणी पिऊन ये.”

कुंदा हसली. धैर्यशील हसला नाही.

“तू कुठं गातेस यात?” चाचांनी तिला विचारलं.

“झील आहे ना माझी, ह्यांच्या मागनं ओढायची. उजव्या अंगाला.” ती बाटलीचं झाकण लावत राहिली. “एक कडवं मागितलं होतं. तिसऱ्यांदा.”

“तुझा आवाज माइकला चढत नाही, कितीदा सांगू?” धैर्यशील म्हणाला.

“मग पुढच्या गाण्याला दुसरी बघा.”

“बघू की. हिच्यावाचून अडतंय होय, चाचा?”

चाचांनी लाल ठिपक्यावर फुंकर मारली.

कुंदा चहा ठेवायला खाली गेली. धैर्यशीलनं गाणं लावलं. मधोमध त्याचा आवाज, ढोलकी, डावीकडं हार्मोनियम, उजवीकडं कुठंतरी कुंदा. तो डोळे मिटून मान हलवत होता. गाण्यात त्याची लांबलचक तान सुरू झाली.

चाचांनी पुढं वाकून मोनोचं बटण दाबलं. दोन्ही बाजूंचा आवाज एकात मिसळणारं, तेच, ज्याचं काम काय म्हणून त्यानं विचारलं होतं.

आणि धैर्यशील नाहीसा झाला.

म्हणजे खुर्चीतला होता. गाण्यातला गेला. तान गेली, ढोलकी गेली. लांब विहिरीच्या तळातनं यावा तसा नुसता घुमारा उरला, नि एकीकडं हार्मोनियम.

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. (नव्हतो मी तिथं. माहीत आहे.)

धैर्यशीलचं तोंड उघडं होतं. त्यानं स्पीकरला कान लावला. “माझा... माझा आवाज...”

“शूः,” चाचा म्हणाले.

कारण कुंदा गात होती. झील नव्हे. त्याच्या तानेखाली, सबंध कडवं.

*शिंगं तुझी रंगविते, झूल घालिते पाठी,*
*तुझी वेसण, माझी वेसण एकाचिया मुठी...*

हे त्याच्या गाण्यात नव्हतंच! तिची बाजू तिनं एकटीनं, हेडफोन लावून रेकॉर्ड केली होती. हा तेव्हा मिरजेला वायरी आणायला गेलेला. नंतर त्यानं तिचा आवाज खाली ओढला, उजवीकडं सारला, आणि तो एकटा असा एकदाही ऐकला नाही. महिनाभर ते कडवं त्याच्या तानेखाली वाजत होतं.

धैर्यशीलचे कान लाल झाले. मग चेहरा पांढरा. त्यानं कॉम्प्युटरकडनं पेटीत येणारी डावी केबल पाठीमागनं उपसली, तिच्या टोकाचं टोपण उघडलं. आत दोन तारा उलट जोडलेल्या. एका बाजूनं ढकलायचं, दुसरीनं ओढायचं, आणि एकत्र आले की मधलं सगळं शून्य, कडेचं तेवढं शिल्लक. इतके दिवस तो ज्याला ‘आवाज पसरलाय’ म्हणत होता, ते हे.

तारा सुलट डाखायला त्यानं सोल्डरिंग गन तापत ठेवली.

इथं एक कबुली द्यायला हवी. चाचांनी बटण दाबलं, हे मी रचलं. कथेला बरं दिसतं म्हणून. बटण दाबलं कुंदानं. चहाचा ट्रे टेबलावर ठेवताना कोपर लागलं, असं ती सांगते. त्या बटणाला कोपर लागायला हात कसा वाकवावा लागतो, ते मी नंतर दोनदा करून पाहिलं. जमत नाही.

बाकी सगळं खरं. शेवटचंही.

चाचांनी गनची पिन बोर्डातनं काढली. केबल पुन्हा होती तशीच, उलटीच्या उलटी, जागेवर बसवली. गाणं पहिल्यापासनं लावलं. मोनोचं बटण दाबलेलंच ठेवलं. कुंदा दारात, गोधडी धरून उभी.

कडवं आलं. गेलं.

धैर्यशीलचा आवाज फाटला. “पण चाचा... यात मी कुठं आहे?”

चाचांनी बशीत चहा ओतला.

“ऐकतोयस की.”