सोनवेशीतला पाळणा

सोनवेशीतल्या या लांबलचक पडवीत आता कोवर्किंग स्पेस आहे, मंडळी. कुणी घरांचे नकाशे काढतं, कुणी ॲप बनवतं, कुणी पुस्तकांची मुखपृष्ठं करतं. मधोमध मात्र हा सागवानी पाळणा टांगलेला. त्याची दोरी नीट पाहा. ती एका जागी संपत नाही, सगळ्या बैठकांच्या मागून फिरते. नव्या माणसाला वाटतं, शोभेचा असेल. तसं नाही. त्याची हकिकत अशी सांगतात.

पूर्वी ही पडवी कारागिरांची होती. ज्यांना पेठेत स्वतःचं दुकान नव्हतं ते इथे बैठक मांडत. छप्पर एक, पण प्रत्येकाने आपल्याभोवती बांबूचे तट्टे उभे केलेले. शेजाऱ्याचं पाहायचं नाही, आपलं दाखवायचं नाही. त्यात रखमाजी सुतार सगळ्यांत कडक. त्याचं कोरीवकाम नावाजलेलं, पण पटाशीला धारसुद्धा तो पाठ फिरवून लावायचा म्हणे. दोर वळणारा सटवाजी तर पडवीतही नव्हता. त्याच्या जातीला आत यायची मनाई, म्हणून तो बाहेर चिंचेखाली बसे.

एका माघात मैना कोष्टीण आली. नवरा साथीत गेलेला, कडेवर तान्ही मुलगी, तिचं बारसंही व्हायचं होतं. गावदेवीचा चैत्री पुनवेचा शेला विणायचं काम मैनेला मिळालं होतं. तो वेळेवर उतरला तर बैठक कायमची तिची. नाहीतर मायलेकींना पुन्हा वाट धरावी लागणार होती.

पोर खाली ठेवली की टाहो फोडी. मैना तिला पाठीशी बांधून मागावर बसे, तर धोट्याच्या प्रत्येक हिसक्याने ती जागी होई. तट्ट्यांआडून कुरकुर सुरू झाली. रखमाजीचा तर हात बिघडला. एका सकाळी नक्षीतल्या मोराची मान तुटली, तसा तो तरातरा उठला, बाईला दुसरीकडे जा म्हणून सांगायला.

मैना तेव्हा तुटलेला धागा सांधत होती. दोन्ही हात गुंतलेले. वर न बघताच ती म्हणाली, "दादा, जरा धरता का हिला? एवढं सांधते."

रखमाजीने पोर घेतली. तिने त्याची मिशी मुठीत पकडली आणि गप्प झाली. धागा सांधून झाला तरी रखमाजी तसाच उभा. सांगायला आला होता ते सांगायचं राहूनच गेलं.

त्याच दिवशी त्याने मोर बाजूला ठेवला आणि पाळणा करायला घेतला, गुपचूप. पायांवर डुलणारा पाळणा झाला मोठा देखणा, पण पडवीची जमीन उंचसखल. तो डुलायचा कमी आणि आदळायचा जास्त. पोर आणखीच रडू लागली. तट्ट्यांआडून हसू फुटलं. इकडे पुनव जवळ येत चाललेली आणि शेला निम्मासुद्धा झाला नव्हता.

रखमाजीने पाळण्याचे पाय कापून टाकले. आता तो तुळईला टांगायचा, हे त्याला उमगलं. पण कशाने टांगायचा, ते काही त्याच्या पेटीत नव्हतं. आजवर त्याने कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. बराच वेळ तो उंबऱ्याशी घुटमळला, असं सांगतात. मग चिंचेखाली जाऊन सटवाजीसमोर मातीत बसला.

"सटवाजी, माझं अडलंय."

सटवाजीने हातातला पीळ थांबवला. "दोर देईन मी. पण गाठ चुकली तर लेकरू खाली येईल. ती मलाच मारावी लागेल, आत येऊन."

रखमाजी उठला आणि त्याने हात पुढे केला. "चल."

पडवीत कुणी खाकरलं, कुणी पाय आपटले. रखमाजीने कुणाकडे पाहिलं नाही. शिडी त्याने स्वतः धरली आणि सटवाजी वर चढला. लाकडावर घासून दोर झिजणार हे ओळखून धोंडजी तांबट, इतका वेळ जो मोठ्याने खाकरत होता तोच, पितळी कड्या घेऊन आला.

राहिला प्रश्न दोरी ओढायची कुणी. मैनेचे हात तर मागावर. सटवाजी म्हणाला, दोरी सगळीकडे फिरवू. ज्याचा हात रिकामा त्याने ओढावी. पण ती तट्ट्यांत अडकू लागली. पहिले तट्टे रखमाजीने काढले, मग धोंडजीने. दिवस मावळेतो पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी झाली. धोंडजीची हातोडी जोरात चालू असताना पोर गाढ झोपली, हेच पहिलं नवल, असं जुने लोक म्हणत.

मग एकमेकांचं काम दिसू लागलं. रखमाजीने सटवाजीला पीळ घालायची नवी चरखी करून दिली. मोराला धोंडजीने पितळेची मान बसवली, आणि तो मोर पाहून मैनेने तसाच शेल्याच्या पदरावर विणला. चैत्री पुनवेला देवीच्या अंगावर तो शेला चढला, तेव्हा सगळी पडवी देवळात हजर होती.

मग पाळण्यातल्या पोरीचं बारसं इथेच केलं. आत्या कुठून आणायची, असा प्रश्न निघाला.

"ही पहिल्यांदा गप्प झाली ती दादांच्या हातात," मैना म्हणाली. "आत्या तेच."

तो एवढा मिशाळ गडी लाजून लाल झाला. वाकून त्याने पोरीच्या कानात नाव सांगितलं, मेळाई. 'कुर्रर्र' म्हणताच रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपके पडले. पहिला धपका सटवाजीचा होता.

आजही इथे कुणाचं काम अडलं की तो दोरी ओढतो, पाळणा हलतो, आणि ज्याचा हात रिकामा तो उठून येतो. नवं काम तडीला गेलं की ते पाळण्यात ठेवून त्याचं बारसं करतात, मग ते मोबाइलवरचं ॲप असो की मसाल्याचं पाकीट. ज्याची मदत सगळ्यांत जास्त, तो आत्या. परवाच एका दाढीवाल्या वकिलाला हा मान मिळाला. पाठ अजून ठणकते म्हणून बिचारा ज्याला त्याला सांगत फिरतोय, न विचारता.