येसूच्या हाकेला ओ

सायकलवाले गडाच्या पायथ्याची चढण संपवून निंबसऱ्याच्या वेशीत शिरतात आणि हटकून घंटी वाजवतात. वेशीत चहाची टपरी चालवणाऱ्या हौसाक्का त्यांना तिथेच उतरवतात. "घंटी तुमच्या गावात वाजवा. इथं हाक द्यायची." मग शेजारच्या बारवेतला, कमानीखाली कमरेत वाकलेला ओबडधोबड खांब दाखवून सांगू लागतात.

त्या दिवशी, म्हणे, बारवेतले पारवे घुमले नाहीत. एवढंच. भाकरी घेऊन पायऱ्यांवर आलेल्या येसूच्या ते ध्यानात आलं. येसू नवी सून, भांडं पडलं तरी दचकणारी. खाली तिचा नवरा आणि सहा गडी गाळ काढत होते. तिनं वर पाहिलं. कमानीच्या सांध्यातून माती भुरभुरत होती, आणि वर यायची वाट त्या कमानीखालूनच.

ती पळत वेशीत आली. टेकू आणा, माणसं आणा, म्हणून हाका मारू लागली. पाटलाची बैठक भरली होती. ओ कुणी दिली नाही.

"येसू होय? काल सरडा बघून घागर टाकून पळाली ती," पाटील म्हणाला. बैठक खदखदून हसली. तिनं पुन्हा हाक दिली. सासऱ्यानंही मान फिरवली.

तेव्हा, असं सांगतात, तिची भीती गेली आणि नुसता संताप उरला. ती खाली उतरली, सुटत्या दगडाला पाठ लावली आणि म्हणाली, "निघा." सातही जण तिच्या हाताखालून बाहेर पडले. नवऱ्यानं लाकडाचे टेकू दिले, तिचा हात ओढला. ती हलली नाही. "त्यांची ओ आल्याशिवाय मी इथनं हलायची नाही."

दिवस कलल्यावर पाटील पायऱ्या उतरला. पागोटं काढून "ओ" म्हणाला, तिच्या खांद्याला हात लावला. हाताला दगड लागला.

"भित्र्या माणसाला आधी दिसतं," हौसाक्का कपबशी आपटून म्हणतात, "ते त्या मेल्यांना कळलं नाही."

आजही निंबसऱ्यात हाक आली की आधी ओ देतात, कोण आहे ते मग विचारतात. सायकलवाल्यांतली एखादी पोरगी लाजत हाक देते. गाव शेतात गेलेलं असतं. हौसाक्का मुद्दाम ओ देत नाहीत. येसूला काय वाटलं ते कळू दे म्हणतात. दुसरी हाकही तशीच जाते. पोरीचा चेहरा लाल होतो. ती छाती भरून, चिडून तिसरी हाक देते, आणि मळ्यातून कुणीतरी हातातलं काम टाकून म्हणतं, "ओ."