पहिल्या ओंजळीचा वसा

ऐका बायांनो, फुलाईदेवीची कहाणी. नदीकाठी एक नगर होतं. नगराच्या वेशीशी एका माळ्याचं बिघाभर रान होतं. पावसाळ्यात तिथं झेंडू व्हायचा, हिवाळ्यात शेवंती, उन्हाळ्यात मोगरा. घरात माळी, माळीण, त्यांची लेक मैना आणि माळ्याची विधवा बहीण भागा. रोपं भागा लावी, पाणी भागा धरी, फुलं भागा खुडी. पण त्यांतलं एक फूल तिच्या वाट्याला येत नसे.

सासू मरताना माळिणीला वसा देऊन गेली. "सूनबाई, हंगामाची पहिली ओंजळ ज्या हातांनी फूल वाढवलं, त्या हातांत घाल. मग देवाला वाहा, मग बाजारात ने. घेतलास तो वसा सोडू नको." माळीण हो म्हणाली. मग सासू गेली.

मग झेंडू फुलला. माळिणीच्या मनात आलं, विधवेच्या ओंजळीत फुलं कशी घालू? त्यापरीस देवीला वाहते. वाहिली. तर काय झालं? फुलाईच्या माथ्यावर झेंडू काळा पडला! माळीण दचकली. काळी फुलं पदराखाली घेऊन नदीत सोडली.

मग शेवंती फुलली. भागा म्हणाली, "वहिनी, एक फूल उशाशी ठेवू का? नुसता वास घेईन."

"वन्सं, तुम्हांला शोभतं का हे?"

ओंजळ पुन्हा देवीला गेली, पुन्हा काळी पडली. माळिणीनं तीही नदीत सोडली.

मग वैशाख आला, मोगरा फुलला, मैनेचं लग्न निघालं. पहिली ओंजळ माळिणीनं देवीपुढं टाकली नि मागं न बघता पळाली. भागानं हार गुंफले. माळीण म्हणाली, "आता मांडवात येऊ नका, अपशकुन होईल." भागा गोठ्यात जाऊन बसली.

अंतरपाट दूर झाला. मैनेनं हार उचलला, आणि फुलं गळली. एक गळलं, दुसरं गळलं, सगळी गळली. तिच्या हाती नुसता दोरा. नवऱ्याच्या हाती नुसता दोरा. भटजींचा मंत्र तोंडातच राहिला. वऱ्हाडी ताडकन उठले. माळी रानात धावला नि ओरडत परत आला, "अगं, झाडाला कळी नाही! पाला तेवढा उरलाय!"

मैना रडत म्हणाली, "आई, आत्या कुठंय?"

माळीण तशीच गोठ्यात गेली, भागाच्या पायांवर पडली. "वन्सं, तुमच्या हक्काचं मी देवीला वाहिलं. तिनं ते घेतलं नाही हो, तीनदा घेतलं नाही!" मग हात धरून तिला रानात नेलं. भागानं मोगऱ्याचं झाड चाचपलं. तिच्या बोटांखाली ओंजळभर फुलं उमलली. दोघी बघतच राहिल्या.

माळिणीनं ती ओंजळ भागाच्या हातांत घातली. मग तिथंच गजरा केला नि तिच्या अंबाड्यात खोवला.

भागा किंचाळली, "वहिनी, हे काय केलंत! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

तिला तशीच मांडवात आणली. बायांनी तोंडावर हात ठेवले. तेव्हा नवऱ्यामुलाची आजी, विधवेचं लाल आलवण नेसलेली म्हातारी, कोपऱ्यातून उठली. काठी टेकत भागापुढं आली. म्हणाली, "पोरी, चाळीस वर्षांत फुलाला हात लावला नाही. मला एक देशील?"

भागानं गजऱ्यातलं फूल काढून तिच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीनं ते नाकाशी धरलं नि डोळे मिटले. वऱ्हाडी एकेक करून खाली बसले. मैनेच्या नि नवऱ्याच्या हातातला दोरा मोगऱ्यानं भरून आला.

फुलाई भागाला पावली, म्हातारीला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ज्यांच्या ओंजळी रित्या आहेत, त्यांना आधी पावो. साठां पाकळ्यांची कहाणी पांचां पाकळ्यांत सांगितली, ती इथं सुफळ झाली.