कडू दोडके

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात दादोबा नावाचा एक आचारी राहत होता. गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा अख्ख्या गावात मिळून एकच भट्टी होती, ती दादोबाच्या अंगणात.

लग्न असो की बारसं, पंगतीचा स्वयंपाक त्याच्याकडेच असे. पण लोक बोटं चाटत ती पुरणपोळीसाठी नाही, तर पानाच्या डाव्या बाजूला वाढलेल्या भाजलेल्या दोडक्यासाठी. करायला अगदी सोपा पदार्थ. दोडक्याच्या शिरा काढायच्या, बोटभर फोडी करायच्या, तेल, मीठ आणि ठेचलेला लसूण चोळायचा, लोखंडी परातीत पसरून परात भट्टीत सारायची. कडा करपायला लागल्या की बाहेर काढून वर लिंबू पिळायचं. झालं!

यातलं अवघड काम दादोबाची बायको चिमाबाई करत असे. दोडक्याचं देठ कापलं की ती आतला तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायची. गोड लागला तर दोडका परातीत जाई. कडू लागला तर ती थुंकून चूळ भरायची आणि तो दोडका उकिरड्यात खोल पुरायची, चुकून गुरांनीही खाऊ नये म्हणून. कडू दोडका म्हणजे विष, हे तिला आईनं शिकवलं होतं. गावात तर बोललंच जाई, "चिमाबाईनं चाखलंय ना? मग डोळे मिटून खा."

एकदा पाटलांच्या नातवाचं बारसं होतं. सकाळीच पाटलांचा गडी दोडक्यांची मोठी टोपली घेऊन आला. "पाटलांनी स्वतः लावलेल्या वेलाचे आहेत," तो म्हणाला. "पाहुण्यांना हेच वाढायचेत. पाटलांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

दोडके हिरवेगार, कोवळे, बघत राहावेत असे होते. चिमाबाईनं पहिला चाखला आणि थुंकला. दुसरा चाखला, तिसरा चाखला. दहा झाल्यावर तिनं विळी बाजूला सारली.

"अहो, सगळे कडूजहर आहेत. बी बिघडलं असेल. पाटलांना सांगून या. घरात गवार आहे, आज ती भाजू."

दादोबाला पाटलांकडे जायचं धाडस होईना. पाटील शीघ्रकोपी माणूस. चार गावच्या पाहुण्यांपुढे त्यांच्या वेलाला नावं ठेवायची?

"अगं, भट्टीच्या धगीत कडूपणा जळून जाईल."

"कडूपणा जळत नाही. माणसं मरतील, अहो!"

दादोबानं टोपली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बरं बाई. मी पुरतो हे उकिरड्यात आणि पाटलांशीही बोलतो. तू त्यांच्या घरी जा, पुरण वाटायला बायका कमी पडतायत."

तिचा नवऱ्यावर विश्वास होता. ती गेली.

दादोबानं मात्र दोडके चिरले. नेहमीसारखे भाजले आणि एक फोड तोंडात टाकली. जीभ जळाल्यासारखी झाली. त्यानं ती थुंकली आणि परातीवर चिंच-गुळाचा दाट कोळ ओतला. पंगतीत एकेकाच्या वाट्याला चार फोडी येणार, फार तर पोटात कळ येईल, असं त्यानं मनाला समजावलं.

चिमाबाई आत माजघरात पोळ्यांच्या कामात होती, तेव्हा बाहेर मांडवात पानं वाढली गेली. पाटील मिशीवर ताव देत पंगतीतून फिरत होते. एक गवंडी घास घोळवत म्हणाला, "जरा कडवट लागतंय का हो?"

पाटलांनी दादोबाकडे पाहिलं. "चिमाबाईनं चाखलेत ना?"

अजूनही वेळ गेली नव्हती. एक 'नाही' पुरे होतं.

"चाखलेत," दादोबा म्हणाला. "गोड आहेत म्हणाली."

"मग काय!" म्हणत गवंड्यानं ताट साफ केलं. पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं, लेकाच्या वेलाचं कौतुक म्हणून, पुन्हा मागून घेतलं.

ऊन कलायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. वैद्यबुवा घरोघरी धावत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत पाटलांची आई गेली, गवंडी गेला आणि सहा महिन्यांचं लेकरू मागे ठेवून कुंभारीण गेली.

चावडीवर गाव जमलं. पाटलांचे डोळे सुजले होते. "चिमाबाई, तुझ्या जिभेच्या भरवशावर आम्ही जेवलो. गोड कसं म्हणालीस?"

"मी म्हटलंच नाही! कडू आहेत, पुरा, असं सांगून मी पुरण वाटायला आले. विचारा यांना."

सगळ्या माना दादोबाकडे वळल्या. त्याला गवंड्याची बायको दिसली, तिच्या रिकाम्या कपाळाकडे त्याला पाहवेना. त्यानं मान खाली घातली.

गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. चिमाबाईला गावाबाहेर काढलं. वेशीपर्यंत तिच्या अंगावर शेणाचे गोळे पडत होते. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर दादोबाला अन्न गोड लागेना. आठवड्यानं तो चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर खरं बोलला. कुणी त्याला मारलं नाही. पाटील एवढंच म्हणाले, "जा, तिला घेऊन ये. आणि तुझ्या हातचं आता कुणी खाणार नाही."

दोन दिवस चालून तो तिच्या माहेरी पोचला. चिमाबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्यानं सगळं सांगितलं, पाय धरले.

"गावाला खरं कळलं, बरं झालं," ती म्हणाली. "कुंभारणीच्या लेकराला दूध कोण पाजतं?"

दादोबाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं चौकशीच केली नव्हती.

"परत जाऊन आधी ते बघा," असं म्हणून तिनं रिकामा तांब्या उचलला आणि दार लावून घेतलं.

तात्पर्य: मोठ्यांच्या रागाला भिऊन कडूला गोड म्हणणारा स्वतः वाचतो, पण त्याची किंमत ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला ते मोजतात.