तुळाजीची हलगी आणि चिठ्ठ्यांचं मडकं

नदीकाठच्या एका बाजारगावात तुळाजी नावाचा दवंडीवाला होता. त्याने हलगी वाजवली की लोक हातातलं काम टाकून चावडीपुढे जमायचे. हलगीमागून येईल ते खरं, अशी गावाची पक्की समजूत. ती उगाच नव्हती. खात्री केल्याशिवाय तुळाजी बातमी सांगत नसे.

पण नुसत्या बातमीने माणसाचं समाधान होतं थोडंच? "आम्हालाही काही म्हणायचं असतं की," लोक कुरकुरू लागले. तुळाजीला ते पटलं. त्याने चावडीवर एक मडकं ठेवलं. ज्याला जे वाटेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव घालायची गरज नाही. दवंडी संपली की तुळाजी मडक्यातून चिठ्ठी काढी, हलगीवर थाप मारी आणि वाचून दाखवी. गावाला भारी गंमत वाटली. बातमीपेक्षा चिठ्ठ्यांनाच गर्दी होऊ लागली, आणि खरं सांगायचं तर तुळाजीही जरा फुशारला.

एके दिवशी चिठ्ठी निघाली, 'पोरांना जुलाब होताहेत ते बयाबाईच्या दुधानं.' तुळाजीने थाप मारली, चिठ्ठी वाचली आणि घरी जाऊन जेवला.

बयाबाई एकटी बाई. दोन म्हशींवर तिचं घर चाले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे दुधाला कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हैस विकायची पाळी आली, तेव्हा ती तडक चावडीवर आली.

"तुळाजी, माझं दूध वाईट आहे हे तू पाहिलंस?"

"मी कुठं म्हणालो, बयाक्का? ते चिठ्ठीत होतं."

"चिठ्ठीला कुठलं तोंड? तोंड तुझं होतं, अन् हलगीही तुझीच."

तुळाजीची मान खाली गेली. शेजारी बसलेले पाटील म्हणाले, "फोडून टाक ते मडकं. लोकांना विचारायची हौस पुरे झाली."

"लोकांची तोंडं बंद करू नका, पाटील," बयाबाईच म्हणाली. "त्यांनीच मला वाईट ठरवलं, तेच मला खरी ठरवतील. फक्त समोर उभं राहून बोला म्हणावं."

तुळाजीने गाव जमवलं आणि हलगी खाली ठेवली. "मी वाचली ती बातमी नव्हती, कुणाची तरी शंका होती. ती मी तपासली नाही. चूक माझी. आता ज्याला काही ठाऊक असेल त्यानं नाव सांगून बोलावं."

मग केसर नावाची बाई पुढे आली. "चिठ्ठी माझी. पोर आजारी पडलं, मी भ्याले, मनात आलं ते लिहिलं."

तिच्यामागून सुतार उठला. "माझा पोरगा दुधाला तोंडही लावत नाही, तरी आजारी पडला. तो खालच्या डोहात डुंबतो."

"आमचीही तिथंच असतात," तिघीचौघी म्हणाल्या.

तुळाजी स्वतः डोहावर गेला. काठाच्या झुडपाआड मेलेलं कुत्रं पाण्यात सडत होतं. ते डोळ्यांनी पाहिल्यावरच त्याने हलगी वाजवून गावाला सावध केलं. पुढे मतंही चावडीवर ऐकवली जात, पण माणूस स्वतः उभा राहून सांगे आणि त्याला हलगी नसे.

आठवड्याने केसर बरं झालेलं पोर कडेवर घेऊन बयाबाईकडे गेली. तिने ताजं दूध मागून घेतलं आणि अख्ख्या आळीदेखत अंगणात बसून पोराला पाजलं.

तात्पर्य: लोकांचं म्हणणं जरूर ऐकावं आणि ऐकवावंही, पण न तपासलेली शंका बातमी म्हणून सांगू नये, आणि दुसऱ्याबद्दल बोलायचं तर आपलं नाव लपवू नये.