मस्कतहून कबुतराच्या वेळेत

"मस्कतहून इथवर यायला कबुतराला तीन दिवस लागले, आणि तुला महिना? बाकीचे दिवस काय झोपा काढल्यास?"

हैबतराजे बंदरावर कडाडले आणि धाकू तांडेल जागच्या जागी थिजला. राजांनीच हौसेनं आपलं पाळीव कबूतर त्याच्या गलबतातून मस्कतला धाडलं होतं. तिथे सोडताच ते समुद्र ओलांडून थेट पालवगडावर परतलं. त्याच दिवशी मस्कतहून निघालेलं गलबत मात्र आज लागलं होतं. ते कबूतर आत्ता राजांच्या मनगटावर ऐटीत बसलं होतं.

"पुढची फेरी याच्या वेळेत करायची! नाहीतर गलबत सरकारजमा, आणि तू कायमचा काठावर!"

धाकूची लेक आवडी त्याच्या मागेच उभी होती. ती पुढे आली.

"करू की, महाराज! फक्त कबुतराच्या वेळेत पोचायचं कसं, ते एकदा दाखवा."

"आवडे, गप गो!" धाकू कुजबुजला.

"दाखवायचं म्हणजे?" राजांनी भुवई उंचावली.

"तो समोर गड. इथून कबूतर सोडा आणि इथूनच महाराजांनीही निघावं. महाराज त्याच्या बरोबरीनं पोचले, की बाबाही मस्कतहून तसेच येतील!"

"हात्तिच्या! गड तर नाकासमोर दिसतोय. उचला रे पालखी!"

कबूतर भुर्रकन उडालं. पालखी उठली, आणि पहिल्याच घराशी थांबली. पालवगडाची रीतच तशी होती. राजाची पालखी दारावरून निघाली की घरच्या बाईनं ओवाळायचं, आणि ओवाळून झाल्याशिवाय पालखीनं पाऊल पुढे टाकायचं नाही!

"थांबा हां महाराज, निरांजनात वातच नाही!" म्हातारी आत पळाली.

पुढच्या दारी नवी सून लाजून बाहेरच येईना. "बाई, जरा लवकर!" राजे ओरडले.

"घाई करू नका, महाराज," सासू म्हणाली. "पोरीचं पहिलंच ओवाळणं आहे!"

दारं संपली तर खाडीला भरती. ओहोटी लागेपर्यंत भोई ताटकळले. मग नागमोडी चढण. आवडी बापाचा हात धरून मागून निमूट चालत होती, ओठ मात्र दाबून धरलेले.

दिवस कलता कलता पालखी गडाच्या दाराशी टेकली. राजांचं कपाळ माखून कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

"कबूतर आलं का?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"ते? सकाळीच आलं, महाराज. दाणे खाऊन झोपलंसुद्धा!"

आवडीनं हात जोडले. "महाराज, गड तर नाकासमोर होता. मग सगळा दिवस कुठे गेला?"

"कुठे गेला?" राजे उसळले. "रस्ता वाकडा, खाडी भरलेली, दारोदारी आरत्या! कबुतराला कोण थांबवतंय ओवाळायला?"

"तेच तर, महाराज! बाबांचाही वारा फिरतो, पाणी संपलं की आडबंदर गाठावं लागतं. फरक एवढाच, की महाराजांना थांबवून लोक ओवाळतात, आणि बाबांना थांबवून लाटा बदडतात!"

राजे असे हसले, की कुंकू दाढीत उतरलं.

"धाकू, गलबत तुझंच! पोचशील तेव्हा पोच! कोठारातून शिडाला नवं कापड घेऊन जा." त्यांनी हातातलं सोन्याचं कडं आवडीच्या हातात घातलं. "आणि पोरी, पुढच्या फेरीला तूही जा. तिथल्या कुणा राजानं असा हट्ट धरलाच, तर त्यालाही एकदा पालखीत बसव!"